मधली वायर

मारेन हे काही मोठं जहाज नव्हतं. किनाऱ्यालगत समुद्रात सॅमन मासे वाढवतात त्या शेतांना खाद्याच्या गोण्या पोचवायच्या, रिकामं परतायचं, पुन्हा भरायचं, एवढंच त्याचं काम. नॉर्वेच्या त्या पश्चिम किनाऱ्यावर बेटं अशी खेटून आहेत की मधून जहाज काढताना दोन्हीकडच्या घरांच्या खिडक्यांतले पडदे ओळखू यावेत. तोरग्रिम मारेनचा कप्तान आणि ओडवार त्याचा सुकाण्या. दोघं एकाच बेटावर वाढले, एकाच वर्षी समुद्रावर गेले. तोरग्रिम परीक्षा देत देत वर चढला, ओडवार चाकाशीच राहिला. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. चाक हातात असलं की त्याला सगळं जागच्या जागी आहे असं वाटायचं.

जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे चाकाच्या खोलीत, एक रिवाज असतो. कप्तानानं हुकूम दिला की सुकाण्यानं तो मोठ्यानं परत म्हणायचा. कप्तान म्हणाला, "डावीकडे दहा," की सुकाण्या म्हणणार, "डावीकडे दहा," आणि मगच चाक फिरवणार. नवख्याला हा पोरखेळ वाटतो. पण त्यामागे जहाजं बुडवून मिळालेलं शहाणपण आहे. माणूस दमला की त्याच्या तोंडून एकाच्या जागी दुसरं निघतं, आणि स्वतःच्या तोंडून निघालेलं स्वतःला ऐकू येत नाही. दुसऱ्याच्या तोंडून आलं की बहुधा टोचतं.

गेल्या काही वर्षांत तोरग्रिमच्या तोंडून असं एकाच्या जागी दुसरं बऱ्याचदा निघू लागलं होतं. मनात डावीकडे असायचं आणि तोंडात उजवीकडे. ओडवार तेव्हा हुकूम परत म्हणताना जरा लांबवायचा, शेवटी आवाज किंचित चढवायचा. "उजवीकडे... दहा?" तोरग्रिम खाकरायचा आणि म्हणायचा, "डावीकडे दहा." बस. यावर दोघं कधीच बोलले नाहीत. ओडवारनं घरी गुनवोरलाही सांगितलं नव्हतं. मित्राची चूक झाकायची ती झाकायची, त्यात सांगण्यासारखं काय?

मग ओडवारला झटका आला. तोही घरात, नाश्त्याच्या टेबलावर.

रेडिओवर हवामानाच्या बातम्या चालल्या होत्या. गुनवोर ओट्याशी पाठमोरी उभी राहून मासा साफ करत होती आणि नळ चालू होता. तिनं विचारलं, "काय म्हणाला रे तो?"

ओडवारनं सगळं नीट ऐकलं होतं. वादळाचा इशारा होता. तो सांगायला गेला आणि तोंडातून निघालं, "वालदाचा... वाळदाचा... वादडाचा..."

"तोंडात घास घेऊन बोलू नकोस," गुनवोर म्हणाली.

घास नव्हता. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. शब्द समोर दिसत होता, तोंड त्याच्या आजूबाजूनं फिरत होतं, पण नेमकं त्यावर पडत नव्हतं. गुनवोरनं वळून पाहिलं आणि हातातली सुरी खाली ठेवली. हात पुसायच्याही आधी तिनं फोन उचलला. त्यांच्या बेटावर रुग्णवाहिका बोटीनं येते. बोट धक्क्याला लागली तेव्हा दोर पकडायला तोरग्रिम उभा होता. त्याला कुणी कळवलं, देव जाणे.

हात, पाय, चेहरा सगळं वाचलं. इस्पितळात गुठळी विरघळवायचं औषध वेळेत मिळालं होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी डॉक्टर आल्या तेव्हा खाटेच्या एका बाजूला गुनवोर होती आणि दुसऱ्या बाजूला, दाराजवळच्या खुर्चीत, तोरग्रिम. डॉक्टरांनी विचारलं, "हे कोण?" ओडवारनं सांगितलं, "भाऊ." तो भाऊ नव्हता. पण त्या वेळी त्याला तोच शब्द सापडला, आणि तो त्याला चुकीचाही वाटला नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "माझ्यामागून म्हणा. 'वाऱ्यानं दार आपटलं.'"

"वाऱ्यानं... आर... दाऱ्यानं वार..." ओडवार थांबला. "दरवाजा. वाजला. हवा सुटली म्हणून."

"बघा, अर्थ बरोबर सांगितलात," डॉक्टर म्हणाल्या आणि खाटेच्या कडेला टेकल्या. "आता तुम्हाला काय झालंय ते सांगते. मेंदूत वरच्या थरात करडा भाग असतो. विचार, ऐकणं, बोलणं, सगळ्याची ठाणी तिथं. त्याखाली पांढरा भाग. तो म्हणजे तारा. एका ठाण्याकडून दुसऱ्या ठाण्याकडे निरोप नेणाऱ्या लाखो तारा. प्रत्येक तारेवर चरबीचं वेष्टण असतं, म्हणून तो पांढरा दिसतो. तुमच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्ताच्या नळीत गुठळी अडकली आणि खालच्या पांढऱ्या भागाचं रक्त बंद झालं. त्या भागाला रक्त मुळात बेताचंच मिळतं, अगदी बारीक नळ्यांतून. त्याच्याकडे साठा नसतो. तिथं वेष्टणं राखणाऱ्या पेशी असतात, त्या लवकर मरतात. मग वेष्टण फुगतं, सुटतं आणि आतली तार उघडी पडून तुटते."

"पण गुठळी तर विरघळवलीत ना?" गुनवोरनं विचारलं.

"विरघळली. पण एकदा सुरू झालेली ही पडझड पुढे काही आठवडे आतल्या आत चालू राहते. तुटलेल्या तारेचा पुढचा भागही हळूहळू सुकत जातो. काही तारा वाचतील, काही कामं दुसऱ्या वाटेनं व्हायला शिकतील. त्याला वेळ लागेल." मग त्या ओडवारकडे वळल्या. "ऐकण्याचं ठाणं तुमचं शाबूत आहे. बोलण्याचंही बहुतेक शाबूत आहे. ऐकलेले शब्द जसेच्या तसे बोलण्यापर्यंत नेणारा जो तारांचा जुडगा होता, तो गेलाय."

दाराजवळून तोरग्रिम म्हणाला, "म्हणजे ब्रिज ठीक, इंजिन ठीक. मधली वायर गेली."

"अगदी तसंच."

"पण त्याला कळतं ना सगळं? आपण सांगू ते?"

"सगळं कळतं. सांगाल ते समजेल, सांगाल ते करतील. फक्त तुमचे शब्द तुम्हाला परत ऐकवता येणार नाहीत."

तोरग्रिमनं मान डोलावली. ओडवारला ती मान पुढे फार दिवस आठवत राहिली. समजून घेतलेल्या माणसाची मान होती ती.

पुढचे महिने घरात गेले. आठवड्यातून एकदा तो मुख्य बेटावर सिनोवकडे जायचा. सिनोव वाचा-उपचार करायची. तिशीची, ठेंगणी, आणि बोलताना समोरच्याचं वाक्य तोडायचं नाही याची शपथच घेतलेली. ती म्हणायची, "शब्दाच्या मागे धावू नका, ओडवार. तो पळतो. अर्थाला धरा आणि स्वतःच्या शब्दांत सांगा." हळूहळू त्याला ते जमू लागलं. त्याचं बोलणं ओबडधोबड झालं होतं, मध्येच अक्षरं उलटीपालटी व्हायची, पण मनातलं पोचायचं. कुणाचं वाक्य परत म्हणायची वेळ आली की मात्र अजूनही सगळं ढेपाळायचं.

दर रविवारी तोरग्रिम यायचा. गुनवोर वॅफल करायची, तपकिरी चीजचे काप कापायची आणि तोरग्रिम एकटा बोलत बसायचा. कुठल्या शेतात माशांना उवा पडल्या, कुठल्या धक्क्यावर कोण घसरून पडलं. ओडवार हसायचा.

"नवा पोरगा आलाय चाकावर," तोरग्रिम म्हणायचा. "हुकूम दिला की गाणं म्हटल्यासारखा परत म्हणतो. पण सुरात नाही रे. तुझ्यासारखा नाही."

एका रविवारी तो म्हणाला, "चल परत. डेकवरची कामं कर. दोर, गोण्या, स्वयंपाक. तेवढ्याची परवानगी डॉक्टर देतील. घरात बसून तू माझ्यादेखत म्हातारा व्हायला लागलास."

गुनवोरला ते फारसं पटलं नव्हतं. पण ओडवारच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिनं वॅफलची ताटली त्याच्यापुढे सरकवली. तोरग्रिम गेल्यावर ओडवार तिला म्हणाला, "असा... माणूस मिळत नाही." गुनवोर म्हणाली, "नाही मिळत." तिनंही ते मनापासूनच म्हटलं होतं.

ओडवार डेकवर रुजू झाला. मार्चमध्ये चाकावरचा पोरगा तापानं घरी राहिला. बदली माणूस मिळाला नाही. मारेन गोण्या भरून निघाली तेव्हा सुकाणू यंत्रावर लावलेलं होतं, आणि उघड्या पाण्यात ते चालून गेलं. पण पुढे दोन बेटांमधली अरुंद पट्टी होती. मध्ये खडक, त्यावर लोखंडी खांब, आणि भरतीची ओढ आडवी. तिथं यंत्रावर कुणी विसंबत नाही. बर्फमिश्रित पाऊस काचेवर चिकटत होता. तोरग्रिमनं खाली निरोप पाठवला. ओडवार बटाटे सोलायचे सोडून वर आला.

"चाक धर," तोरग्रिम म्हणाला.

ओडवारनं मान हलवली. तोंडापाशी बोट नेलं.

"ठाऊक आहे मला. परत म्हणू नकोस. मला तुझं उत्तर नको, तुझे हात हवेत. ही पट्टी तुझ्याइतकी कुणाला माहीत आहे?"

ओडवारनं नको म्हणायला हवं होतं. पुढे चौकशीत त्यानं तसं कबूलही केलं. पण चाक समोर होतं, आणि इतक्या महिन्यांत कुणी त्याला त्याचं काम मागितलं नव्हतं. त्यानं चाक धरलं. लाकूड तळव्याला लागलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

पहिले हुकूम ठीक गेले. मग तोरग्रिम काचेला नाक लावून खांब शोधू लागला. खांब उजव्या अंगाला होता. ओडवारला तो दिसला. तोरग्रिम म्हणाला, "उजवीकडे पंधरा."

ओडवारनं ऐकलं, स्वच्छ ऐकलं. मनात म्हणाला, उजवीकडे खडक आहे. पूर्वी त्यानं काय केलं असतं? नेहमीसारखं लांबवलं असतं, आवाज चढवला असता, आणि तोरग्रिम खाकरला असता. ते करायला त्यानं तोंड उघडलं. "उज... जवी... वुज..." तोरग्रिमनं न वळता हात झटकला, "बोलू नकोस म्हटलं ना. फिरव." आणि आयुष्यभर कप्तानाचं ऐकलेल्या हातांनी चाक फिरवलं. उजवीकडे पंधरा.

खाली जे झालं ते आवाजानंच कळलं. मारेन खडकावर चढली आणि एका अंगानं फाटली. इंजिनवाल्याच्या बरगड्या मोडल्या. मेलं कुणी नाही. खाद्याचे दाणे पाण्यावर पसरले आणि कुठून कुठून पक्षी आले.

कलत्या ब्रिजवर तोरग्रिमनं रेडिओ हातात घेतला. जागा सांगितली, माणसं सांगितली. पलीकडून विचारलं, काय झालं? तोरग्रिमची ओडवारकडे पाठ होती.

"सुकाण्यानं हुकूम उलटा ऐकला," तो म्हणाला. "मी डावीकडे म्हटलं. त्यानं उजवीकडे फिरवलं. त्याला मागच्या वर्षी मेंदूचा झटका येऊन गेलाय."

ओडवारला आधी वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. रेल्वेच्या रुळासारखा सरळ वाटणारा हा आवाज, हा काय म्हणतोय? त्यानं तोरग्रिमच्या खांद्याला हात लावला. तोरग्रिम वळला नाही.

बचावबोटीनं सगळ्यांना परत आणलं तेव्हा धक्क्यावर गुनवोर उभी होती. ओडवार बोटीतून उतरेपर्यंत तोरग्रिम तिच्यापाशी पोचलाही होता. तिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होता. ओडवार जवळ गेला तेव्हा त्याचं शेवटचं वाक्य कानावर पडलं, "त्याला दोष देऊ नकोस, गुनवोर. माझीच चूक, मी त्याला चाक द्यायला नको होतं."

केवढ्या मोठ्या मनाचा माणूस, असं तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना वाटलं असणार.

घरी आल्यावर ओडवारनं कॉफीलाही हात लावला नाही. टेबलाशी बसून त्यानं जे झालं ते सांगायचा प्रयत्न केला. घाई केली म्हणून अक्षरं आणखीच घसरली. "तो... तोच म्हणाला. उज... खांबाकडे. त्यानं सांगितलं तिकडेच मी..."

गुनवोरनं त्याचा कप उचलून ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "तुला नक्की आठवतंय ना? म्हणजे, तुझं डोक्यात कधी कधी उलटंपालटं होतं. काल मीठ म्हणालास आणि तुला साखर हवी होती."

"ते तोंडात. डोक्यात नाही."

"कसं सांगणार रे, कुठे काय होतं ते?"

ती वाईट बुद्धीनं बोलली नव्हती. दमलेली होती, भ्यालेली होती. पण त्या वाक्यानं ओडवार आतून हलला. कारण पहिल्यांदाच त्याला स्वतःचा भरवसा वाटेना. डॉक्टर म्हणाल्या होत्या, पडझड आतल्या आत चालू राहते. ती ऐकण्यापर्यंत पोचली असेल तर? खरंच तोरग्रिम डावीकडे म्हणाला असेल तर? ज्या डोक्याच्या आधारावर तो आजवर उभा होता तेच फितूर झालं असेल, तर साक्ष कुणाची काढायची?

तो सिनोवकडे गेला. अर्धा दिवस घेऊन त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं एकदाही वाक्य पुरं करून दिलं नाही. मग कपाटातून एक थाळी काढली, त्याच्यासमोर ठेवली.

"हे चाक. मी सांगते, तुम्ही फिरवा. बोलायचं नाही."

ती हुकूम देत गेली. आधी सावकाश, मग भराभर, मग पाठमोरी, मग खिडकी उघडून रस्त्याच्या आवाजात. डावीकडे दहा, उजवीकडे वीस, सरळ, डावीकडे पाच. थाळी दरवेळी बरोबर फिरली. सिनोवला चूक काढायची होती तरी निघाली नाही.

"तुमचे कान आणि तुमचे हात यांत काही बिघडलेलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही जे ऐकलं तेच फिरवलंत. माझ्यापुरती मला खात्री आहे."

ओडवारनं थाळीवर डोकं टेकलं. त्याला हायसं वाटलं. आपण चुकलो नव्हतो. म्हणजे तोरग्रिम खोटं बोलला होता, आणि समजून उमजून बोलला होता.

चौकशीच्या आधीच्या आठवड्यात तोरग्रिम घरी आला. रविवार नव्हता. गुनवोर दुकानात गेलेली पाहूनच आला असावा. नेहमीच्या खुर्चीत बसला, स्वतःच कपात कॉफी ओतली.

"तू माझ्याकडे बघत नाहीस," तो म्हणाला.

ओडवारनं कॉफीची किटली आपल्याकडे ओढून झाकण लावलं.

"ठीक आहे. मी उजवीकडे म्हणालो. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे." त्यानं कप फिरवला. "माझं हे काही वर्षं चाललंय. तू सांभाळून घ्यायचास. तू गेलास आणि तो पोरगा आला. मी चुकीचं बोललो की तोही तेच गाऊन दाखवायचा आणि मला कळायचंच नाही. दोनदा थोडक्यात वाचलो. म्हणून तुला परत आणला. वाटलं, तू जवळ असलास तरी पुरे. पण तुझ्यात ते राहिलंच नव्हतं."

ओडवारला वाटलं होतं, आपल्याला परत नेलं ते आपल्यासाठी.

"माझं एक वर्ष राहिलंय रे," तोरग्रिम म्हणाला. "नंतर मी आपणहून उतरणार होतो. तुझं तसंही गेलंच होतं. चाक तुला आता कुणी देणार नव्हतं. मग दोघांनी कशाला बुडायचं? एक वाचतोय तर वाचू दे. तू माझ्या जागी असतास तर मी तुला हेच म्हटलं असतं."

"नाही," ओडवार म्हणाला. तो शब्द स्वच्छ निघाला.

तोरग्रिमनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं जे केलं ते ओडवार कधी विसरला नाही. तो टेबलावर पुढे झुकला आणि हळू आवाजात, जवळजवळ मायेनं म्हणाला, "सांगशील त्यांना? बरं. आत्ता मी काय म्हणालो ते म्हणून दाखव बघू. 'मी उजवीकडे म्हणालो.' म्हण."

ओडवारनं तोंड उघडलं. "मी जवु... वुजी... मी वजी..." पुन्हा. आणि पुन्हा. चेहरा लाल झाला. तोरग्रिम शेवटपर्यंत थांबला. मग कॉफी संपवून उठला, जाताना त्याच्या पाठीवर थोपटलं.

इस्पितळात दाराजवळच्या खुर्चीत बसून या माणसानं एक-एक शब्द ऐकला होता. तार कुठे तुटली, तिच्या अलीकडे काय शाबूत, पलीकडे काय शाबूत. दुखणं दाखवावं आणि जवळच्यानं नेमकं तिथंच बोट घालावं, तसं झालं होतं.

चौकशी शहरात झाली. टेबलापलीकडे तिघं होते, मध्ये अध्यक्षबाई आणि शेजारी एक म्हातारा खलाशी. तोरग्रिमनं आपली हकिकत शांतपणे सांगितली आणि दोनदा म्हणाला की ओडवारसारखा सुकाण्या त्यानं पाहिला नाही. मग ओडवारला विचारलं, "कप्तानानं दिलेला हुकूम जसाच्या तसा सांगा." जसाच्या तसा. ओडवारनं प्रयत्न केला आणि तेच झालं. कुणीतरी खाली मान घातली. तोरग्रिम खिडकीबाहेर पाहत होता.

ओडवार थांबला. श्वास घेतला. शब्दांना त्यानं जाऊ दिलं.

"खांब होता त्या बाजूला," तो म्हणाला. एक-एक तुकडा जोडत, मध्ये लांब थांबत बोलला. "त्या बाजूला वळायला सांगितलं. खडकाच्या बाजूला. मी... विचारायला गेलो. बोलू नको म्हणाला. मी फिरवलं. मागच्या आठवड्यात घरी आला. कॉफी प्याला. कबूल केलं. चूक त्याची. माझं संपलंच आहे... म्हणून माझ्या अंगावर घालतो. दोघं कशाला. असं."

तोरग्रिम म्हणाला, "त्याचा काही दोष नाही. त्याच्या डोक्यात गोष्टी मिसळतात."

तेव्हा मागच्या बाकावरून गुनवोर उठली. तिला कुणी विचारलं नव्हतं. अध्यक्षबाईंनी हात वर केला तरी ती बोललीच. "मिसळत नाहीत. त्याला सगळं कळतं, डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं होतं. हा विचारत होता, 'त्याला कळतं ना सगळं?' मी शेजारी होते. तो विसरला असेल, मी नाही विसरले." मग ती बसली.

सिनोवनं आपलं मत दिलं. म्हाताऱ्या खलाशानं स्वतः हुकूम दिले आणि ओडवारनं थाळी फिरवून दाखवली. एकही चुकला नाही. म्हातारा थाळी बाजूला सारून मागे टेकला. शेवटी म्हणाला, "हे सगळं खरं असेल. पण हुकूम परत म्हणता येत नसेल तर कप्तानाला आपली चूक ऐकू कशी येणार? म्हणून तर तो रिवाज आहे. तुम्ही चाक धरायला नको होतं, बाबा."

"हो," ओडवार म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं, आणि तेच सगळ्यात जास्त लागलं.

निकाल काही आठवड्यांनी लागला. कोण काय म्हणालं हे ठरवता येत नाही, कारण ब्रिजवर तिसरं कुणी नव्हतं. आजारी माणसाला चाकावर उभं करण्याची जबाबदारी कप्तानाची. तोरग्रिमला उतरवलं, पण वय झालं म्हणून सन्मानानंच. ओडवारला समुद्रावरचं कुठलंही काम बंद. बेटावरच्या लोकांनी आपापला निकाल आधीच लावला होता. सहकारी दुकानात गुनवोरला पाहून बायका हलक्या आवाजात बोलायच्या. जन्मभराच्या मित्रानं याला पोटाशी धरलं आणि यानं त्यालाच चव्हाट्यावर ओढलं, असं चाललं होतं. तोरग्रिम स्वतः काही बोलत नव्हता. त्याला बोलायची गरजही नव्हती.

त्या दिवशी चौकशीवरून परतताना बोटीत गुनवोर म्हणाली होती, "मी तुला विचारायला नको होतं. नक्की आठवतंय का म्हणून."

ओडवारनं तिच्याकडे पाहिलं. तिला बरं वाटेल असं काहीतरी म्हणता आलं असतं. "त्या दिवशी," तो म्हणाला, "मी एकटा होतो."

"माहीत आहे मला."

"आता नाही."

तिनं त्याच्या बाहीला धरलं आणि धक्का येईपर्यंत सोडलं नाही.

शरदात एकदा धक्क्यावर तोरग्रिम भेटला. बादलीत दोन मासे होते. तो थांबला. अंगानं ओसरला होता. "ओडवार, आपण बोलायला हवं," तो म्हणाला.

ओडवारनं उत्तराची तयारी केली नव्हती. तरी वाक्य आपसूक आलं, थोडं अडखळत, पण पुरं. "तुला माहीत होतं, कुठे तुटलंय. बाकी कुणाला माहीत नव्हतं. तू... तिथंच हात घातलास."

तोरग्रिमनं बादली खाली ठेवली, पुन्हा उचलली. ओडवार त्याला ओलांडून पुढे गेला.

राग अजून आहे, आणि तो जाईल असं त्याला वाटत नाही. सिनोवकडे जाणं चालू आहे. छोटी वाक्यं आता कधी कधी परत म्हणता येतात, दोन-तीन शब्दांची. ती म्हणते, दुसऱ्या वाटा तयार होतायत. रविवारी गुनवोर अजूनही वॅफल करते, दोघांपुरती. मागच्या रविवारी शेजारचा बोकड धक्क्यावरून थेट कुणाच्या तरी नावेत उतरला आणि नाव सुटून खाडीत गेली. बोकड मध्ये उभा, तोंड वर करून. गुनवोर हसून हसून भिंतीला टेकली. ओडवारही हसला. आणि हसता हसता त्याच्या मनात पहिलं हेच आलं, की हे तोरग्रिमला सांगायला हवं.